महाराष्ट्राचा जननदर (एका बाईला सरासरी किती मुलं होतात तो आकडा) इतका कमी आहे, म्हणजे इथे मुलींची लग्नं उशिरा होतात का?

नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आला, केरळचा १.८. पण आपल्याकडे २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. केरळात जेमतेम ६ टक्के.

मग दर उतरला कशाने? मोठा वाटा बायकांच्या नसबंदीचा. लवकर लग्न, लागोपाठ दोन मुलं, की ऑपरेशन. बीड-परभणीकडे ऊसतोडीची उचल (आगाऊ रक्कम) कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला मिळते, त्यामुळेही पोरीचं लग्न घाईने उरकतात. एवढ्या कोवळ्या वयात संसार, बाळंतपण आणि फडातली मजुरी यांचा मनावर येणारा ताण जननदरात दिसत नाही. म्हणून नुसता १.७ बघून खूश होणं मला पटत नाही. लग्नाचं वय आधी बघा.