परत आणता येईल तोच गहू बाजारात न्यावा

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले आणि सोबतची हिशेबपट्टीही पाहिली. 2025 च्या हंगामासाठी क्विंटलला 2,425 रुपये हमीभाव जाहीर झालेला असताना तुझा गहू 2,260 ने गेला, त्यातून हमाली आणि तोलाई कापली गेली, वर पोत्यामागे किलोभर कडता (वजनातली कपात) धरला गेला, आणि त्याच वेळी शेजारच्या मध्य प्रदेशात 175 रुपये बोनस धरून 2,600 ने सरकारी खरेदी चालू होती. मग शेती करावी तरी कशाला, असे तू विचारतोस. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी देणार नाही. शेती सोडायचीच असती तर हिशेबपट्टी जपून ठेवली नसतीस. मला तुझे दुसरेच एक वाक्य खटकले. तू लिहितोस, ‘भाव पडलेला दिसत होता, पण ट्रॉली भरून नेली होती, आता परत कुठे आणायची, म्हणून देऊन टाकला.’ तुझे सगळे नुकसान या एका वाक्यात आहे, आणि ते लिहून तू लगेच दिल्लीवर घसरलास.

परत आणता येणार नाही तो माल बाजारात नेऊ नये. चाळीस वर्षे मी हेच सांगत आलो आहे. लोक कंटाळले, तरी मी सांगायचे थांबवलेले नाही.

तुझा दिल्लीवरचा राग खोटा आहे असे मात्र मी म्हणणार नाही. डिसेंबर 2021 मध्ये गव्हाचे वायदे (पुढच्या तारखेचे सौदे) बंद केले, 13 मे 2022 रोजी निर्यात थांबवली, जून 2023 मध्ये व्यापाऱ्यांवर साठ्याची मर्यादा घातली आणि मधूनमधून सरकारी गोदामातला गहू खुल्या बाजारात ओतला. शहरातली पोळी महागू नये म्हणून केलेल्या या प्रत्येक उपायाचा खर्च पिकवणाऱ्याच्या खिशातून गेला. हमीभावाचे म्हणशील, तर त्यामागचा गव्हाचा उत्पादन खर्च 2025 च्या त्या हंगामासाठी क्विंटलला 1,182 रुपये धरला होता, आणि तो देशाच्या सरासरीचा आकडा आहे. पंजाबात हेक्टरी पंचेचाळीस-पन्नास क्विंटल गहू निघतो आणि आपल्याकडे त्याच्या निम्माही निघत नाही, तेव्हा आपला क्विंटलमागचा खर्च त्या आकड्यात कसा बसणार? शिवाय पंजाब, हरियाणा, मध्य प्रदेशात गहू घ्यायला सरकार उभे असते. महाराष्ट्रात गव्हाची सरकारी खरेदी नसल्यातच जमा आहे. ज्या भावाला घेणारा नाही, तो आपल्यासाठी वर्तमानपत्रातला आकडा. हे सगळे मान्य आहे. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ म्हणत आम्हीही शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या सभांना ट्रक भरभरून गेलो आहोत आणि ती मागणी आजही रास्त आहे. मात्र सभेहून परतलेला माणूस दुसऱ्या दिवशी आपली पोती त्याच आडत्याच्या ओट्यावर टाकून ‘द्याल तो भाव द्या’ म्हणत असे, हेही मी पाहिले आहे. गावात एक गोदाम उभे राहावे म्हणून मी तेव्हा दारोदार फिरलो. मोर्चाला शंभर माणसे निघत, गोदामाच्या बैठकीला दहा येत नसत. त्याची खंत आजही जात नाही.

लिलावाच्या वेळी खरेदीदार काय करतो, ते कधी नीट पाहिले आहेस का? तो मूठभर गहू तळहातावर घेतो, फुंकर मारतो, एक दाणा दाताखाली फोडतो. इथपर्यंत तो गव्हाची परीक्षा करत असतो. मग त्याची नजर ट्रॉलीकडे जाते. ताडपत्री पूर्ण काढलेली आहे, दोर गुंडाळून ठेवले आहेत, भाड्याच्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर ‘आवरा लवकर’ म्हणतो आहे, आणि शेतकरी ओळखीच्या आडत्याच्या तोंडाकडे पाहतो आहे. हा माणूस माल परत नेणार नाही, हे त्याला तेवढ्यात कळते. त्यानंतरची बोली तुझ्या अडचणीची असते.

ही अडचण बाजारात नव्हे, घरी तयार होते. गहू हार्वेस्टरमधून निघाला की तो तसाच ट्रॉलीत भरायची तुम्हा मुलांना घाई. सरकारी निकषात ओलावा 12 टक्के धरला आहे आणि 14 च्या पुढे तर खरेदीच होत नाही. ओला गहू घरीही टिकत नाही, म्हणून तो परत आणण्याची सोयच उरत नाही. दोन उन्हे दे, चाळण मार, घरच्या काट्यावर वजन कर आणि मगच नीघ. कडत्याला नियमात जागा नाही, पण मातेरे असलेला माल नेणाऱ्याला भांडताही येत नाही. दुसरी गोष्ट कर्जाची. खरिपाचे पीककर्ज 31 मार्चच्या आत भरले तरच व्याजाची सवलत मिळते, आणि गहू नेमका त्याच सुमारास निघतो. म्हणजे सोयाबीनच्या कर्जापायी गव्हाचा बळी जातो. तेव्हा सोयाबीनचे पैसे आले की त्यातून बँकेचा हिस्सा वेगळा काढ. त्याला मोबाइलच्या हप्त्यासाठीही हात लावायचा नाही. आडत्याकडून उचल (आगाऊ पैसे) तर घेऊच नकोस, कारण उचल घेतलेल्याचा गहू शेतातच विकला गेलेला असतो.

तू म्हणशील, ‘काका, तुमचे ठीक आहे, तुमच्याकडे जागा आहे.’ हे वाक्य ऐकून माझे कान किटले आहेत. जागा मी बांधली, घराला रंग न देता बांधली. घरची मंडळी 2022 च्या गव्हाचा दाखला अजून देतात. त्या वर्षी मी निम्मा गहू ठेवला होता. जानेवारी 2023 मध्ये भाव चढले, आणि 25 जानेवारीला केंद्राने 30 लाख टन गहू खुल्या बाजारात विकायचे जाहीर करताच कोसळले. ठेवलेला गहू मला हवा तसा गेला नाही. पण अंदाज माझा चुकला नव्हता, खेळाचा नियम मध्येच बदलला गेला. आणि तरीही तो गहू मी माझ्या दिवशी, माझ्या ओट्यावरून विकला. साठवला की भाव वाढतोच, असे मी कधीच म्हटलेले नाही. नाही म्हणता येणे, एवढेच मी मागतो आहे. नाही म्हणता येणाऱ्यालाच दुसरा खरेदीदार भेटतो.

पुण्याच्या सोसायट्यांत वर्षाचा गहू पोहोचवण्याचा तुझा बेत मला आवडला. एप्रिल-मेमध्ये गहू भरणारी घरे अजून पुष्कळ आहेत. मध्य प्रदेशातला सिहोरी गहू मागतात, पण स्वच्छ केलेला लोकवन किंवा निफाडच्या गहू संशोधन केंद्राचा त्र्यंबक दाखवलास तर घेतील. तिथेही पन्नास कट्टे एकदम उतरवू नकोस. पाच ने, मागणी बघ, उरले तर आण.

आता शिल्लक असलेल्या बारा क्विंटलांचे सांगतो. सोमवारी ते बाजारात न्यायचे नाहीत. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून आहे. गहू तारण ठेवला की 180 दिवसांसाठी 6 टक्क्यांनी कर्ज मिळते. सगळ्याच बाजार समित्या ती राबवत नाहीत, तेव्हा आपल्या समितीत प्रथम सचिवांनाच विचार. नुसत्या कारकुनाच्या ‘नाही’वर परत फिरू नकोस. तिथे जमले नाही तर वखार महामंडळाच्या गोदामात चौकशी कर, शेतकऱ्याला भाड्यात सवलत आहे आणि पावतीवर बँक कर्ज देते. गव्हाची पीकनोंद असलेला सातबारा, आधार आणि पासबुक घेऊन रविवारी माझ्याकडे ये. येताना किलोभर गहू मधल्या पोत्यातून काढून आण. वरच्या पोत्यातला नको, तो सगळ्यांचाच चांगला असतो.

तुझा,
काका