हार्टवर्मची गोळी चालू ठेवू का?

प्रश्न: गोरेगावला तळमजल्यावर राहतो, मागे नाला, डास विचारू नका. लॅब्रेडोरला दर महिन्याला हार्टवर्मची, म्हणजे डासांमुळे होणाऱ्या हृदयातल्या जंतांची, गोळी देतो. आता ऐकलं की जंत औषधाला दाद देत नाहीत. मग बंद करू का?

उत्तर: अजिबात नको! रेझिस्टन्स खराय, पण तो पक्का सिद्ध झालाय मुख्यतः अमेरिकेत, मिसिसिपी नदीच्या खालच्या भागात, आणि तिथेही डॉक्टर गोळी बंद करा म्हणत नाहीत. बऱ्याचदा गोची वेगळीच असते, डोस चुकतो, कुत्रा गोळी सोफ्यामागे थुंकून येतो आणि आपण खुश, किंवा वजन वाढलं तरी पाकीट जुन्याच वजनाचं.

गोळी पुढच्या महिन्याचं कवच नाही बरं का, मागच्या तीसेक दिवसांत डासाने सोडलेल्या अळ्या ती मारते. म्हणून पावसाळा संपला की बंद, हे आपल्या मुंबईत चालत नाही, इथे डास बारमाही. मोठ्या झालेल्या जंतांवर मात्र ती भरवशाची नाही, म्हणून वर्षातून एकदा रक्ताची अँटिजेन टेस्ट (मोठ्या जंतांचा अंश शोधणारी) करा. दोन-तीन महिने खंड पडला असेल तर डॉक्टरांना सांगा, टेस्ट आत्ता आणि सहा महिन्यांनी परत, कारण जंत मोठे व्हायलाच तेवढा वेळ लागतो, आधी टेस्टमध्ये दिसत नाहीत.

आणि ते गुरांचं आयव्हरमेक्टिन (जंतांचं औषध) स्वस्त पडतं म्हणून अंदाजाने टोचू नका, कोलीसारख्या जातींच्या कुत्र्यांच्या तर जिवावर बेततं.