कोरोनाच्या दाखल रुग्णांत धमन्या ताठर होणं आणि रक्ताच्या गुठळ्या यांचा संबंध काय?

दोन्हींचं मूळ रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला झालेल्या इजेत आहे. तिथे नायट्रिक ऑक्साइड कमी बनलं की धमनी नीट सैलावत नाही आणि रक्तही लवकर गोठतं. ताठरपणा मोजताना मान ते जांघ नाडीची लाट किती वेगाने जाते ते पाहतात. सेकंदाला १० मीटरच्या वर म्हणजे जास्त. मात्र रक्तदाब चढलेला असेल तर हा आकडा फसवतो.

गुठळी टाळायला सहसा एनॉक्सापॅरिन हे रक्त गोठू न देणारं औषध ४० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, पोटाच्या त्वचेखाली देतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो. नुसता डी-डायमर (गुठळी विरघळताना रक्तात येणारा प्रथिनाचा तुकडा) वाढला म्हणून आयसीयूतल्या रुग्णाला गुठळीवरच्या उपचाराचा पूर्ण डोस देऊ नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो. एकच पोटरी सुजली किंवा ऑक्सिजन अचानक घसरला, तर पायाचा डॉप्लर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) किंवा छातीची सीटी अँजिओग्राफी (फुप्फुसातली गुठळी दाखवणारा स्कॅन) त्याच दिवशी करून घ्या.