सेल्फ डिफेन्ससाठी ज्युडो, कराटे, बॉक्सिंग की क्राव मागा? सांगलीत राहणाऱ्या मुलीनं नक्की काय लावावं?

तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. वय २४, वजन ५० किलो, राहायला विश्रामबागला, नोकरी कुपवाड एमआयडीसीत, सेकंड शिफ्ट सुटली की रात्री स्कूटीवरनं एकटी येतेस, मध्ये दोघं जण बाईकवरनं मागं लागले होते आणि आता काहीतरी शिकायचंच असं ठरवलंयस, पण कोण कराटे सांगतंय, कोण क्राव मागा, कोण म्हणतंय बॉक्सिंग. तू माझ्या भाचीच्या वयाची आहेस म्हणून अगंतुगंच करते, राग मानू नकोस.

आधी उत्तर देऊन टाकते. ज्युडो लाव. तो जरा अंगात मुरला की जोडीला बॉक्सिंग कर. मी स्वतः कॉलेजपासून ज्युडो खेळलेय आणि आता पोरींना शिकवायला मदत करते, त्यामुळं माझं झुकतं माप ज्युडोकडं असणारच, ते धरून वाच आणि कारणं पटली तरच ऐक.

आमचे आबा पलूस तालुक्यातले, तालमीत वाढलेले, कुंडलचं कुस्त्यांचं मैदान म्हटलं की आजही त्यांना घरात बसवत नाही. लहानपणी त्यांच्याबरोबर तालमीत जायचे तेव्हा एक गोष्ट बघितलेली, ती मला पुढं सगळीकडं उपयोगी पडली. नवीन पोरगं आलं की आधी जोर, बैठका, सपाट्या, मग वस्ताद एखादा डाव सांगणार, चारदोनदा सावकाश करून घेणार, आणि लगेच जोड लावून देणार. जोडीत समोरचा पडायला तयार नसतो. तो मान खाली दाबतो, हात काढून घेतो, तुझाच पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला बघतो. म्हणजे डाव माहीत असणं आणि तो ऐकायला तयार नसलेल्या माणसावर बसणं यात किती अंतर आहे ते त्या पोराला पहिल्याच आठवड्यात अंगावर कळतं. तर सेल्फ डिफेन्सचा कुठलाही क्लास बघायला गेलीस की हे एकच विचार, इथं जोड होते का? ज्युडोत तिला रांदोरी म्हणतात, बॉक्सिंगमध्ये स्पारिंग, कराटेत कुमिते. नाव काही असू दे, समोरचा खरोखर विरोध करतोय का ते बघ.

बऱ्याच ठिकाणी होतं काय, सर सांगतात की आमची विद्या इतकी घातक आहे की ती पूर्ण जोर लावून करताच येत नाही, माणूस मरेल. ऐकायला भारी वाटतं पण मग ती पूर्ण जोर लावून कधी कोणी केलेलीच नसते. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत ज्युडो सुरू केला तेव्हा नेमकं उलटं केलं, जुजुत्सू या जुन्या जपानी विद्येतले डोळ्यात बोटं घालणं, सांधे मोडणं असले प्रकार रोजच्या रांदोरीतनं बाजूला काढले, आणि जे उरलं ते रोज पूर्ण ताकदीनं, न थांबता, इजा न होता करता येऊ लागलं. आपल्या कुस्तीतही हेच आहे, ठोसे नाहीत, चावणं नाही, पण जे आहे ते रोज जीव तोडून करायचं. रोज खरं झटणारा माणूस भीतीच्या वेळी गोठत नाही, माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा हाच.

आता मनगटाची गोष्ट बघ, कारण सगळ्या वर्कशॉपमध्ये पहिलं तेच शिकवतात. कोणी मनगट धरलं की त्याच्या अंगठ्याच्या बाजूला झटका देऊन हात सोडवायचा. बरोबर आहे, पकड तिथंच कच्ची असते. पण घरी भावाला सांग की दोन्ही हातांनी धर, स्वतःकडं ओढत राहा आणि काही झालं तरी सोडू नको. मग झटकून बघ. पहिल्या क्षणात सुटला तर सुटला, नाहीतर तो दंड धरणार, ओढणी धरणार, केस धरणार, आणि तू ओढली जात असतेस, दोन्ही पाय एका रेषेत आलेले असतात. तिथनं पुढं मनगटाची युक्ती संपते आणि प्रश्न तोलाचा होतो. त्याचं वजन कुठल्या पायावर आहे, तो ओढतोय तर मी त्याच दिशेला एक पाऊल आत घुसू शकते का, घुसले तर त्याच्या पायामागं माझा पाय जातो का. ओ-सोतो-गारी म्हणजे हेच, तो मागं झुकला की बाहेरनं त्याचा पाय छाटायचा. कुस्तीतली आतली टांग आणि ज्युडोतली ओ-उची-गारी बघितलीस तर सख्ख्या बहिणी वाटतील. ही समज तोंडी सांगून येत नाही, शेकडो वेळा कोणीतरी ओढल्यावर येते.

आमच्याकडं एक मुलगी आली होती, कराटेत ब्राऊन बेल्ट, किक सुंदर, स्टॅमिना जबरदस्त. पहिल्या रांदोरीत आठवीतल्या पोरीनं तिची बाही आणि कॉलर धरली आणि हिचे दोन्ही हात काठीसारखे ताठ झाले, श्वास रोखून धरला, मागं मागं सरकत भिंतीपर्यंत गेली. तिला कधी कोणी धरूनच ठेवलं नव्हतं. त्यात तिचा काही दोष नव्हता, तिच्या आधीच्या क्लासमध्ये टच झाला की पॉइंट आणि लगेच दोघांना वेगळं करायचे. दोन-तीन महिन्यांत ती आमच्या चांगल्या पोरींत गेली, कारण कराटेनं दिलेली चपळाई होतीच, फक्त अंगाला अंग भिडण्याची सवय नव्हती.

म्हणून कराटे वाईट असं मी म्हणणार नाही. ओकिनावातनं आलेली चांगली विद्या आहे, आणि मासुतात्सु ओयामांचं क्योकुशिन कराटे असेल तर तिथं अंगावर खरे ठोसे खावे लागतात, फक्त तोंडावर हातानं मारायला बंदी असते. पण ज्या क्लासमध्ये नुसता काता (एकट्यानं हवेत ठरलेल्या हालचाली), दर थोड्या महिन्यांनी बेल्टची परीक्षा, परीक्षेची फी आणि सर्टिफिकेट एवढंच चाललंय तिथं जाऊ नकोस. तायक्वांदोचं थोडक्यात सांगते, लहान पोरांना फार छान, पण रात्री खडी पडलेल्या रस्त्यावर जीन्स घालून डोक्याएवढी किक मारायला मी तुला सांगणार नाही.

क्राव मागाची सध्या जाहिरात खूप. हे इमी लिश्टेनफेल्ड यांनी बसवलं, १९३० च्या दशकात ब्रातिस्लावात ज्यूंवर गुंड चालून यायचे त्या काळात सुरुवात झाली आणि पुढं इस्रायलच्या सैन्यात त्याला आकार आला. पण लिश्टेनफेल्ड स्वतः कुस्ती आणि बॉक्सिंगचे पट्टीचे खेळाडू होते ना, हे कोणी सांगत नाही. पाया आधी होता, वर हे चढवलं. दोन दिवसांच्या शिबिरात पाया येत नाही, उलट 'मला येतं' असा खोटा भरवसा येतो, तो फार धोकादायक. नियमित क्लास असेल, त्यात स्पारिंग असेल, तर जरूर कर.

कुस्तीचं म्हणशील तर मला मनापासून वाटतं की आपल्या जिल्ह्यातल्या पोरींनी करावी. पहिली महिला महाराष्ट्र केसरी २०२३ च्या मार्चमध्ये इथं सांगलीतच झाली आणि प्रतीक्षा बागडी या आपल्याच जिल्ह्यातल्या मुलीनं गदा घेतली. पण तालमींचा वेळ पहाटेचा, बहुतेक पोरी शाळकरी, आणि तू रात्री अकराला सुटणार, झोप कधी होणार? मुलींसाठी वेगळी बॅच आणि बाई कोच मिळत असेल तर मात्र ज्युडोच्या आधी तिथंच जा.

आता ज्युडोतलं मला सगळ्यात मोलाचं काय वाटतं सांगू? पडणं. उकेमी म्हणतात त्याला. हनुवटी छातीला, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर, हात अंगापासून थोडा लांब आणि पूर्ण हाताचा तळव्यासकट सपकन फटका मॅटवर. सुरुवातीचे कितीतरी दिवस नुसतं पडायचंच असतं, पोरी कंटाळतात. पण रस्त्यावर बहुतेक भांडणं धक्क्यानं सुरू होतात आणि ठोशापेक्षा डोकं डांबरावर आपटल्यानं माणूस जास्त जायबंदी होतो. ही सवय स्कूटीवरनं पडलीस तरी कामाला येते, बाथरूममध्ये घसरलीस तरी येते.

दुसरं म्हणजे खाली पडल्यावर वर कोणी बसलं तर काय करायचं. बायकांच्या बाबतीत हा प्रसंग किती खरा आहे ते मी वेगळं सांगायला नको. बॉक्सिंग, कराटे, तायक्वांदो यात याचं सहसा काही शिकवत नाहीत. ज्युडोत जमिनीवरचा भाग असतो, केसा-गातामेसारख्या पकडीत दाबून धरतात आणि तुला सुटायचं असतं, कंबर उचलून त्याचा तोल घालवायचा, बाजूला सरकून मध्ये गुडघा घालायचा. यात ब्राझिलियन जिउ-जित्सू ज्युडोपेक्षाही पुढं आहे, १९९३ च्या पहिल्या यूएफसीत (वेगवेगळ्या मार्शल आर्टवाल्यांना एकमेकांशी लढवणाऱ्या स्पर्धेत) रॉयस ग्रेसीनं आपल्यापेक्षा जड गडी असेच जमिनीवर नेऊन हरवले होते. जवळपास चांगला क्लास मिळाला तर बिनधास्त लाव.

बॉक्सिंग कशासाठी, तर अंतर कळायला आणि फटका खाल्ल्यावर डोकं जागेवर ठेवायला. पहिला ठोसा नाकावर बसला की डोळ्यात पाणी येतं आणि मेंदू बंद पडतो, तो अनुभव ग्लोव्हज घालून, कोचसमोर आलेला बरा. आणि दम! तीन मिनिटांचा एक राउंड किती लांब असतो ते रिंगमध्येच कळतं. फक्त एक लक्षात ठेव, बॉक्सर हाताला पट्ट्या बांधून मारतात म्हणून त्यांचे हात टिकतात, उघड्या मुठीनं कपाळावर मारलंस तर बोटाची हाडं तुझी जातील. रस्त्यावर तळहाताच्या खालच्या भागानं मारायचं, नाकाखाली किंवा हनुवटीवर.

वजनाबद्दल कोणी तुला गोड बोलून फसवू नये म्हणून लिहिते. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत ब्राँझ आणलं, चपळाईवर आणलं, पण ते ५७ किलोच्या गटात. ज्युडोत बायकांचे गट ४८, ५२, ५७ असे लागतात, तू ५२ मध्ये खेळशील. जगातल्या सगळ्यात तयार लोकांनासुद्धा चार-पाच किलोच्या फरकानं वेगळं ठेवतात, तर ७५ किलोच्या गड्याला तू चीतपट करून वर बसशील हे स्वप्न बघू नकोस. तुला हवेत काही सेकंद, पकड सुटली, तो गुडघ्यावर आला, तू पळालीस, झालं काम. चाकू दिसला किंवा तिघं-चौघं असले तर डाव टाकायचाच नाही, पर्स टाकून ओरडत पळायचं.

आणि तुझा प्रसंग तर बाईकचा आहे, त्यात कुठलीच मार्शल आर्ट कामाची नाही. मागं लागले तर थांबू नकोस, घराकडं वळू नकोस, उजेडातल्या पेट्रोल पंपावर नाहीतर दवाखान्यात गाडी घाल आणि ११२ लाव. फोनच्या सेटिंगमध्ये इमर्जन्सी एसओएस आजच चालू करून ठेव, बऱ्याच फोनमध्ये पॉवर बटण पटापट पाच वेळा दाबलं की तो चालू होतो. पेपर स्प्रे डिकीत किंवा पर्सच्या तळाला नको, जॅकेटच्या खिशात ठेव. शिफ्टच्या बाकीच्या पोरींना घेऊन एचआरकडं गाडीसाठी लेखी अर्ज दे, निदान दोघी-तिघी मिळून निघा.

'उद्या मीच त्याला मारलं तर केस माझ्यावर होईल का' हेही विचारलंयस. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काचीच आहेत. स्वतःला वाचवण्यासाठी जेवढं लागेल तेवढं करायची कायद्याची मुभा आहे, आणि बलात्काराच्या, पळवून नेण्याच्या किंवा ॲसिड टाकण्याच्या हेतूनं हल्ला असेल तर ती मुभा समोरच्याचा जीव जाण्यापर्यंत जाते. पण तो पडला, पळायला लागला, त्यानंतरही मारत राहिलीस तर ते स्वसंरक्षण धरत नाहीत. म्हणून पळ आणि लगेच तक्रार दे.

आता क्लास निवडताना. तुझी सेकंड शिफ्ट म्हणजे संध्याकाळच्या सगळ्या बॅच बाद, सकाळची बॅच कुठं आहे ते आधी बघ. ज्युडोची सकाळी नाही आणि बॉक्सिंगची आहे, तर माझं सगळं वरचं बाजूला ठेव आणि बॉक्सिंग लाव, न जाता येणाऱ्या ज्युडोपेक्षा ते कितीतरी बरं. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारलंस तर कुठल्या खेळाचे क्लास कुठं चालतात ते कळेल. पैसे भरायच्या आधी एक अख्खी बॅच बसून बघ. मोठ्या वयाच्या मुली आहेत का, सर पोरींना डाव दाखवताना कसे वागतात, कोणाला लागलं तर थांबवतात का, नवीन मुलीला लगेच जड पोरावर सोडतात का. बसून बघायला नाही म्हणाले तर उठून ये.

पहिल्या दिवशी नखं कापून जा, कानातलं, अंगठी, चेन घरी ठेव, केस साध्या रबरानं बांध, क्लिप नको. ज्युडोचा ड्रेस लगेच विकत घेऊ नकोस, क्लासमध्ये जुना मिळतो, महिनाभर टिकलीस की मग जाड कापडाचा घे, धुतल्यावर आटतो म्हणून एक साईज मोठा.