चढाला रेस दिली की गाडीतून फट्-फट् आवाज येतो, उभी असताना काहीच नाही. काय झालं असेल?

तुम्ही लिहिलंय की गाडी जुनी, पेट्रोल-सीएनजी आहे. उभी असताना इंजिन गपगुमान चालतं, पण खंबाटकीच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की फट्-फट् सुरू होतं आणि पिकअप मरतो. गॅरेजवाला म्हणतोय, टाकीतून इंजिनला पेट्रोल पुरवणारा पंप बदलू. थोडं थांबा. पंपाचे पैसे आत्ताच देऊ नका.

मी मेस्त्री नाही. साताऱ्यात राहतो, यवतेश्वरचा घाट चढणं-उतरणं नेहमीचं, आणि दोन वर्षांपूर्वी नेमकं हेच भोगलंय. घाट सुरू झाला की सायलेन्सरमधून लवंगी माळ लागायची. सोबतची मंडळी हसायची, मी घामाघूम. इंजेक्टर साफ केले, फिल्टर बदलला, साडेसहा हजार गेले, आवाज जिथल्या तिथं. शेवटी दोष निघाला इंजिनच्या तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलखालच्या रबरात. (कॉइल म्हणजे प्लगला ठिणगीसाठी जास्त दाबाची वीज देणारा भाग, रबर म्हणजे ती वीज बाहेर न जाऊ देणारी प्लगवरची टोपी.)

आवाज चढालाच का येतो, हे कळलं की निम्मं काम झालं. उभ्या गाडीत सिलिंडरमध्ये हवा थोडीच शिरते, दाब कमी असतो, ठिणगी सहज उडते. पाय दाबला की हवा ठासून भरते, दाब वाढतो, आणि प्लगच्या तेवढ्याच फटीत ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. प्लग झिजून गॅप वाढलेला असेल, कॉइल थकलेली असेल किंवा रबराला बारीक चीर असेल, तर वीज सोपी वाट धरते आणि प्लगच्या बाहेरूनच इंजिनच्या हेडला अर्थ होते. आतलं मिश्रण न जळता बाहेर पडतं आणि तापलेल्या सायलेन्सरच्या नळीत जाऊन पेटतं. तोच तुमचा फट्. मेस्त्री उभ्या गाडीला रेस देऊन ‘काय नाय साहेब, मक्खन चालतीय’ म्हणतात, ते खोटं बोलत नसतात. इंजिनावर लोडच नाही, तर गाडी मिसिंग मारणार कशी, म्हणजे ठिणगी चुकणार कशी?

आता सीएनजीचं. गॅसला पेटायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून तोच चढ, तोच गिअर, एकदा गॅसवर आणि एकदा पेट्रोलवर चढून बघा. पेट्रोलवर आवाज गेला तर लोक लगेच गॅस किटला शिव्या घालतात. मीही घातल्या होत्या. पण अर्धमेला प्लग पेट्रोलवर निभावून नेतो आणि गॅसवर उघडा पडतो, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

आवाज पुढून येतो की मागून, तेही शेजारी कुणाला तरी बसवून नीट ऐका. मागून, सायलेन्सरमधून येत असेल तर वर सांगितलेलं प्रकरण. पुढून, एअर फिल्टरच्या डब्यातून ‘भप्प’ होत असेल तर इंधन कमी पडत असण्याची शक्यता जास्त, आणि तिथं तुमच्या गॅरेजवाल्याचा पंप खरा ठरू शकतो. इंजिनच्या हवेच्या वाटेला जोडलेली व्हॅक्यूमची नळी फाटली असती तर बहुतेक उभ्या गाडीतही आरपीएम डोलला असता. तुमचा डोलत नाही. मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाचं पॅकिंग गेलं असेल तर सकाळी थंड इंजिनला टक्-टक् येतं आणि गाडी तापली की कमी होतं. तुमचं तेही वाटत नाही.

माझ्या गाडीला स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारं यंत्र, लावला तेव्हा पी ०३०३ कोड आला, म्हणजे तिसरा सिलिंडर मिसिंग. मग तिसरी कॉइल पहिल्यावर आणि पहिली तिसऱ्यावर बसवली, कोड पुसला, परत घाट चढलो. कोड आला पी ०३०१. दोष कॉइलबरोबर फिरला! दहा मिनिटांचं काम, फुकटात. हे मेस्त्रीला आधीच करायला सांगा. मात्र तुमच्या गाडीला प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल तरच हे जमतं.

कॉइल उपसली तेव्हा प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर शिसपेन्सिलीनं ओढल्यासारखी उभी काळी रेघ होती, आणि समोर रबरातही तशीच. प्लगच्या खळग्यात तळाला तांबूस गंजाचं पाणी. वॉशिंगवाल्यानं प्रेशरनं इंजिन धुतलं होतं, आणि ‘चकाचक करा’ म्हणणारा मीच. अशी रेघ दिसली तर प्लग आणि रबर दोन्ही एकदम बदला. जुन्या रेघेवर नवं रबर बसवलं तर तेही जळतं.

प्लग काढण्याआधी इंजिन थंड होऊ द्या आणि खळग्यात हवा मारून घ्या, नाहीतर कचरा सिलिंडरमध्ये पडतो. गॅप बऱ्याच गाड्यांना ०.८ ते १.१ मिलिमीटरच्या आसपास असतो, गॅसवाल्या गाडीला थोडा कमी लागू शकतो; तुमच्या गाडीच्या पुस्तकात असेल तोच धरा. इरिडियमचा प्लग असेल तर ठोकून-वाकवून गॅप जमवू नका, टोक मोडतं.

एक मात्र ऐका. चढताना इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला तर पाय काढा, सावकाश बाजूला घ्या. न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या नळीतला धूर साफ करणारा डबा) पेटून तो आतून वितळतो, आणि त्याच्या किमतीपुढं कॉइल म्हणजे चहापाणी.

प्लग-कॉइल बघूनही आवाज राहिला तर पंपाकडं वळा, पण आधी ‘फ्युएल प्रेशर मोजून दाखवा’ म्हणा, तेही रेस देताना. गेज नाही म्हणाला तर दुसरं गॅरेज बघा.