शेतकऱ्यांच्या ॲपची वापर-चाचणी किती जणांवर घ्यावी?

एका फेरीला पाच जण पुरेत. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलेल्या हिशेबानुसार पाच जणांत साधारण ८५ टक्के अडचणी उघड होतात. त्या दुरुस्त करा, मग नवे पाच गाठा.

पण ते ऑफिसातले नकोत. यवतमाळकडे कापसाच्या बांधावर जा. भर उन्हात स्क्रीन दिसते का, गट क्रमांक विचारल्यावर काका सातबारा आणायला घरी निघतात का, हे तिथंच कळतं. मोबाइल त्यांचाच हवा. ‘पीकपेरा नोंदवा’ एवढं सांगून गप्प बसा. बोट अडखळलं की ‘इथं दाबा’ म्हणावंसं वाटतं. मोह आवराच, नाहीतर नेमकी अडचणच झाकली जाते.

पाचाचा हा आकडा एकसारख्या वापरकर्त्यांपुरता आहे. वेचणीच्या बायाही ॲप वापरणार असतील तर त्यांची फेरी वेगळी घ्या.