पाँपेईसारख्या रोमन शहरातल्या इमारतींना आणि रोजच्या वस्तूंना काय म्हणत? मातीचं मोठं भांडं म्हणजे अँफोराच ना?

नाही. हे ‘नाही’ जरा चढ्या आवाजात वाचा, कारण मातीचं मोठं भांडं दिसलं की फोटोखाली ‘अँफोरा’ लिहून मोकळं व्हायची आपल्याकडे खोड आहे.

इमारती आधी उरकतो. मधला चौक फोरम. त्याच्या कडेची बॅसिलिका म्हणजे न्यायनिवाड्याची आणि सौद्यांची जागा. चर्चशी तिचा संबंध पुढे काही शतकांनी आला. मॅसेलम ही मंडई, थर्मे हे सार्वजनिक स्नानगृह, पिस्ट्रिनम म्हणजे दळण आणि भट्टी एकाच छताखाली. घर ते डोमुस. त्याच्या आट्रियममधलं, म्हणजे मधल्या मुख्य दालनातलं, छताचं उघडं तोंड कॉम्प्लुवियम आणि खाली पाऊस झेलणारा उथळ हौद इम्प्लुवियम. ही जोडी लोक हमखास उलटी लिहितात.

आता भांडी. अँफोरा हे वाहतुकीचं भांडं: अरुंद मान, दोन कान, खाली निमुळतं बूड. दारूसाठीची ड्रेसेल १ जातीची अँफोरा रिकामीच साधारण २५ किलो भरते आणि तिच्यात जवळपास तितकेच लिटर मावतात. म्हणजे भरल्यावर ५० किलो. इतकं वजन ओतायचं तर कानाला एक हात आणि बुडाच्या टोकाला दुसरा लागतो. ते टोक शोभेचं नाही. जहाजात वरच्या थराची टोकं खालच्या थराच्या खांद्यांमधल्या फटींत बसत. तोंडाला बुचाची चकती आणि वर चुन्याचा गिलावा. दारूच्या अँफोरेला आतून राळेचा काळा लेप देत, नाहीतर माती दारू शोषून घेते. तेलाच्या अँफोरेला तो सहसा नसे, कारण राळ तेलात विरघळते. मग तेल मातीत मुरतं, खवट होतं आणि भांडं पुन्हा वापरता येत नाही. रोममधली मोंते तेस्ताच्चो ही सुमारे ३५ मीटर उंचीची टेकडी अशाच फोडून टाकलेल्या तेलाच्या अँफोरांची आहे.

डोलियम मात्र जागचं हलत नाही. शेतघरात गळ्यापर्यंत पुरलेला रांजणच तो; शेकडो लिटरचा, मोठा असेल तर हजाराच्याही वर. कान नाहीत, तोंड रुंद, वर झाकण. इतकी जाड भिंत सारखी वाळत नाही, सारखी भाजत नाही, म्हणून तडे जातात. तडा गेला तरी फेकत नसत, शिशाच्या पट्ट्या ठोकून जोडत. शिशाचे टाके दिसले तर आधी डोलियमचाच विचार करा.

रस्त्याकडेच्या खानावळीच्या ओट्यात पक्की बसवलेली भांडीही डोलियमच. त्यांतून गरमागरम रस्सा वाढत, हे मला पटत नाही. बिनझिलईची सच्छिद्र माती, ओट्यातून काढता येत नाही, धुणार कशी? पाँपेईशेजारच्या हर्क्युलेनियम शहरातल्या ओट्यांत कडधान्यं आणि सुका मेवा सापडला, ते पटण्यासारखं आहे. अर्थात २०२० च्या सुमारास पाँपेईच्या रेजिओ पाच या विभागातल्या ओट्यातून बदक, डुक्कर, मासे, गोगलगायी यांचे अवशेष आणि वालासारखे दाणे घातलेली दारू निघाली. तेव्हा सरसकट ‘कोरडा माल’ही म्हणू नका. बुडाचंही तसंच: स्पेनहून तेल आणणारी ड्रेसेल २० चांगली गोलमटोल असते, तरी ती अँफोराच.

आणि महाराष्ट्रातले तुकडे. नेवाशाला अँफोरा मिळाल्या आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण आत काळा लेप दिसला की ‘रोमन दारू’ म्हणणाऱ्यांशी आमचं कधीच जमलं नाही. पश्चिम भारतात अँफोरा म्हणून नोंदलेले बरेच तुकडे पुढे मेसोपोटेमियाकडच्या टॉर्पेडो जारचे ठरले: लांबट, बिनकानाचे आणि आतून राळेऐवजी नैसर्गिक डांबराचा लेप. नुसत्या पोटाच्या तुकड्यावर कान होते की नव्हते हे कळत नाही. मातीचा पोत बघा, लेप प्रयोगशाळेत तपासून घ्या. तोवर पाटीवर ‘साठवणीच्या भांड्याचा तुकडा’ एवढंच लिहा.